बॅटरीवाले काका

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कॉम्प्युटर क्षेत्रातील संधी'. पण आपल्यातल्या निम्म्यांची मुलं आता त्याच क्षेत्रात आहेत आणि ती आपल्याला काही विचारायला येत नाहीत. तेव्हा संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. मी बोलणार आहे आपल्या प्रयोगशाळेतल्या काकांबद्दल. नाव घेणार नाही. त्यांनीच एकदा मला बजावलं होतं, "कुठं बोललीस तर माझं नाव नको, बोटीचंबी नको." पण 'बॅटरीवाले काका' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ते आले असतील. बारीक अंगकाठी, खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात काचेची ती हायड्रोमीटरची नळी.

आठवा. फिजिक्सच्या लॅबमध्ये खिडकीखाली लेड ॲक्युम्युलेटरची रांग असायची. काका रोज सकाळी प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवायचे, आकडा बघायचे आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे. तारीख, वेळ, घनता, तापमान. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात बहुतेक दिवशी एकच शब्द असायचा, 'ठीक'. आपण त्या वहीची किती चेष्टा केली! नळ उघडताना आणि बंद करताना ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. आपल्याला वाटायचं कानडी बोलतात. संकेश्वरकडच्या मुली म्हणायच्या, हे कसलं कानडी, आमच्या गावात असं कुणी बोलत नाही.

आणि तास संपला की काका दारात उभं राहून आपल्याला मोजायचे. आत जाताना जेवढी डोकी, बाहेर येताना तेवढीच डोकी. एकदा आपल्यातले दोघं मुद्दाम टेबलाखाली लपून बसले. काकांची मोजणी दोनानं चुकली. त्यांनी पुन्हा मोजलं, मग सगळ्यांना व्हरांड्यात ओळीत उभं करून तिसऱ्यांदा मोजलं. तोवर ते दोघं हसत बाहेर आले. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. ते ओरडले नाहीत, कुणाला मारलं नाही. नुसते स्टुलावर बसले. आपण मात्र ती गंमत वर्षभर एकमेकांना सांगत होतो. त्या हसण्यात मीही होते.

२०१७ साली आम्ही घरची मंडळी विशाखापट्टणमला फिरायला गेलो. तिथे रामकृष्ण बीचवर 'आयएनएस कुरसुरा' ही खरीखुरी पाणबुडी वाळूवर आणून ठेवलेली आहे. १९६९ ते २००१ अशी एकतीस वर्षं नौदलात राबलेली बोट, २००२ पासून संग्रहालय. लांबी सुमारे ९१ मीटर. आत सात कप्पे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झडप. वाकून, एक पाय आधी टाकून जावं लागतं. माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेली माणसं असतात. तिसऱ्या-चौथ्या कप्प्यापर्यंत माझ्या मुलीला गुदमरायला लागलं. तेव्हा आत माणसं जेमतेम वीस होती आणि दोन्हीकडची दारं उघडी होती. युद्धाच्या दिवसांत याच नळकांड्यात सत्तर-पंचाहत्तर माणसं, दारं बंद आणि वर समुद्र.

तिथल्या व्हॉल्व्हवर रशियन अक्षरं होती. ही बोट सोव्हिएत युनियनमध्ये बांधलेली. 'कलवरी', 'खांदेरी', 'करंज' आणि 'कुरसुरा' या आपल्या पहिल्या चार पाणबुड्या. १९६७ ते ६९ या काळात त्या नौदलात दाखल झाल्या. आपल्या माणसांना आधी रशियन शिकून मग बोट शिकावी लागली. मार्गदर्शकांनी एका व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि सांगितलं, "उघड म्हणजे अत्क्रीत, बंद कर म्हणजे झाक्रीत."

मी जागच्या जागी थांबले. हे शब्द मी ऐकले होते. गडहिंग्लजमध्ये, नळाजवळ.

त्या दिवाळीत गावी आले ती थेट काकांच्या घरी गेले. काकूंनी चकली पुढे ठेवली. मी म्हटलं, "काका, अत्क्रीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा हसले आणि म्हणाले, "झाक्रीत. कुणी सांगितलं तुला?" मग त्या दुपारी आणि पुढच्या दोन-तीन सुट्ट्यांत ते जे बोलले, त्यातलं आज सांगते.

आपल्या तालुक्यातली मुलं फौजेत जातात ती बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीत. नेव्हीत जाणारा विरळा. हिरण्यकेशी उगम पावते आंबोलीला, कोकणाच्या कडेवर, पण तिनंही समुद्राकडे पाठ केली. ती पूर्वेला घटप्रभेला मिळते. काका मात्र घाट उतरले. भरतीत वीजकामाचं काम मिळालं आणि पुढे पाणबुडीवर नेमणूक झाली. १९७१ च्या युद्धात ते अरबी समुद्रात होते. मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करत होता?" ते म्हणाले, "तेच. आकडे लिहीत होतो."

पाणबुडी पाण्याखाली असताना डिझेल इंजिन चालवता येत नाही, कारण इंजिनाला हवा लागते. तेव्हा बोट चालते बॅटरीवर. त्या बोटीत बॅटरीचे ४४८ सेल, दोन कप्प्यांच्या तळाशी. आपल्या लॅबमध्ये होते त्याच जातीचे, शिसं आणि आम्ल, फक्त माणसाच्या कमरेच्या वर उंचीचे. काकांच्या पाळीत ठरावीक सेलची घनता आणि तापमान बघायचं आणि नोंदवायचं. वरची जागा इतकी बुटकी की आत रांगतच जायचं. घनता म्हणजे बोटीचं आयुष्य. १.२८ च्या आसपास असेल तर पोट भरलेलं. आकडा उतरत गेला की कप्तानाला कळवायचं, की आता वर जावं लागेल.

वर जाणं म्हणजे पूर्ण वर नव्हे. रात्रीच्या अंधारात पेरिस्कोपच्या खोलीला येऊन स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढायची, हवा ओढून डिझेल चालवायचं आणि बॅटरी भरून घ्यायची. नळीच्या तोंडावर लाट आली की झडप आपोआप बंद होते. मग इंजिन बोटीच्या आतलीच हवा ओढायला लागतं आणि सगळ्यांचे कान दडे बसतात. काका म्हणाले, "झोपेत असलो तरी कान सांगायचे, वर लाटा मोठ्या हायत." बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो शंभरात चार भाग झाला की एक ठिणगी पुरते. त्यामुळे तो मोजत राहायचा, पंखे चालू ठेवायचे, विडी-काडीचं नाव नाही. आणि समुद्राचं पाणी बॅटरीत गेलं तर क्लोरीन वायू होतो. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४५ मध्ये, 'यू-१२०६' ही जर्मन पाणबुडी स्कॉटलंडजवळ अशीच गेली. संडासाची झडप चुकीची उघडली गेली, पाणी खालच्या बॅटरीपर्यंत पोचलं, वायू पसरला, बोट वर आणावी लागली आणि गमवावी लागली. संडासाचा नळ नीट बंद न केल्यानं युद्धनौका जाते, हे ऐकलं की काकांचं 'झाक्रीत' पुटपुटणं वेडेपणाचं वाटत नाही.

रोजचं जगणं कसं होतं? चार तास पाळी, आठ तास मोकळे. पण त्या मोकळ्या आठांत दुरुस्ती, साफसफाई, जेवण आणि झोप. सगळ्यांना पुरतील एवढे बंक नाहीत. एक उठला की दुसरा त्याच ऊबेत आडवा. काही जण टॉर्पेडोच्या शेजारी झोपायचे. काका म्हणाले, "पहिल्या रात्री भ्या वाटलं. नंतर त्याला पाय लावायला जागा बरी म्हणून तिथंच झोपायला बघायचो." कांदे-बटाटे, डाळ-तांदळाची पोती जिथं फट मिळेल तिथं कोंबलेली. ताजी भाजी पहिले काही दिवस, मग डबाबंद. गोडं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, त्यामुळे अंघोळ नाही, दाढी नाही. कपडे धुवायचे नाहीत, पार मळले की टाकून द्यायचे. संडास बोटांवर मोजण्याइतके, आणि ते वापरायचे तर झडपांचा क्रम पाठ पाहिजे. डिझेलचा वास अंगाला, उशीला, चपातीलासुद्धा. आणि उकाडा! ही बोट थंड समुद्राच्या हिशेबानं बांधलेली आणि आपण ती अरबी समुद्रात चालवत होतो. दिवस की रात्र हे कळायचं जेवणावरून. चहा-नाश्ता आला तर सकाळ. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की डोकं ठणकायचं. मग रसायनांचे डबे उघडून हवा सुधारायची.

आणि आवाज करायचा नाही. वर शत्रूचं जहाज असेल तर त्याचे कान पाण्यात असतात. पंखे बंद, बोलणं खुणेनं, पायात काही नाही. पाना हातातून पडला तर तो लोखंडावरचा आवाज मैलभर जाईल म्हणून हत्यार फडक्यात गुंडाळून धरायचं. आपल्या लॅबमध्ये कुणी स्टूल ओढलं की काका दचकायचे. आपण ते मुद्दाम ओढायचो.

मोजणीचंही त्यांनी सांगितलं. बोट वर असताना पहाऱ्यावरची माणसं बाहेर वरच्या अंगाला असतात. बुडी मारायची वेळ आली की ती शिडीवरून खाली येतात आणि झाकण बंद होतं. एक माणूस जरी वर राहिला तरी त्याच्यासाठी परत उघडता येईलच असं नाही. म्हणून मोजायचं. वर गेले किती, खाली आले किती. मी खाली मान घालून ऐकत होते. टेबलाखाली लपलेल्या दोघांची त्यांना आठवण होती का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आता युद्धाचं. अरबी समुद्रात आपल्या 'करंज' आणि 'कुरसुरा' गस्तीवर होत्या. कमांडर ऑडिटो यांची 'कुरसुरा' तर युद्ध जाहीर होण्याआधीच, नोव्हेंबरमध्ये निघाली होती. हुकूम कडक होते. जहाज कुणाचं आहे याची खात्री पटल्याशिवाय आणि वरून आज्ञा आल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. समुद्रात साऱ्या जगाची व्यापारी जहाजं फिरत असतात. पेरिस्कोपमध्ये दिसणारी प्रत्येक काळी आकृती शत्रूची नसते. 'करंज'चे कप्तान शेखावत यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले. पण आपल्या पाणबुड्यांनी त्या युद्धात एकही जहाज बुडवलं नाही.

काका युद्धानंतर सुट्टीवर गावी आले. पारावर माणसं जमली. आर्मीतली मुलं बांगलादेशातल्या लढाया सांगत होती. कुणीतरी काकांना विचारलं, "तुम्ही किती बुडवली?" काका म्हणाले, "एकबी न्हाई." पार हसला. एक जण म्हणाला, "मग काय पाण्याखाली झोपा काढल्या?" काका मला म्हणाले, "त्या दिवसापासनं मी सांगायचं सोडलं. लोकांना काय झालं ते ऐकायचं असतंय. आमच्या कामात काय झालं न्हाई, हेच काम."

मित्रहो, या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या नोकरीत आठवड्याची पाळी असते. रात्री सिस्टिम बंद पडली तर फोन मला येतो. ज्या आठवड्यात फोन येत नाही त्या आठवड्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही. पण तो फोन येऊ नये म्हणून आधीचे दोन महिने कुणीतरी राबलेलं असतं. माझं काम आणि त्यांचं काम यांची बरोबरी नाही. माझ्या चुकीनं कुणी बुडत नाही. पण रोज 'ठीक' लिहिता यावं यासाठी काय लागतं, हे मला थोडंफार कळतं.

याच जातीच्या एका बोटीची गोष्ट सांगते. ऑक्टोबर १९६२, क्यूबाचा पेचप्रसंग. 'बी-५९' ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकन जहाजांनी घेरली होती. वरून लहान स्फोट करून तिला वर यायला भाग पाडत होते. आत उकाडा ४५ अंशांच्या पुढे, बॅटरी संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. तिच्यावर अण्वस्त्राचा एक टॉर्पेडो होता. कप्तानाला वाटलं, वर युद्ध सुरू झालं असणार. बोटीवरचे दुसरे अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी विरोध केला. टॉर्पेडो सुटला नाही, बोट वर आली आणि घरी गेली. त्या दिवशी 'काही झालं नाही'. म्हणून आपण सगळे आज इथे बसलो आहोत.

पण पाणबुडीतलं सगळंच असं टळत नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली 'खुकरी' बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबर गेले. त्याच्या आधी, ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री, पाकिस्तानची 'गाझी' विशाखापट्टणमजवळ बुडाली. नव्वदच्या वर माणसं, एकही वाचला नाही. मी ज्या किनाऱ्यावर मुलांना आइस्क्रीम घेऊन देत होते तिथून ती जागा फार लांब नाही. 'गाझी'चं नाव निघालं तेव्हा काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दुश्मनाची बोट होती, बुडाली ते बरंच झालं. पण तिच्यातबी एक बॅटरीवाला असणार बघ. त्यानंबी त्या रात्री आकडा लिहिला असणार."

इतका वेळ काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांचं झालं, आता माझं ऐक. रेडिओवर बोट बुडाल्याचं सांगितलं. मला कुठं ठावं ह्यांची बोट कंची? नाव सांगायचं न्हाई म्हणून पत्रातबी लिहीत नव्हते. गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या. कोण काय बोलायची न्हाई. पत्र आलं तेव्हा सासूबाईंनी आधी पाकीट हुंगलं. डिझेलचा वास आला म्हणाल्या, हाय माझा ल्योक." काकांनी ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. म्हणाले, "मला कधी बोलली न्हाईस." काकू म्हणाल्या, "तुम्ही कुठं विचारलंसा?"

१० मार्च २०२१ ला मुंबईत नवी 'करंज' नौदलात दाखल झाली. माझगाव डॉकमध्ये बांधलेली. जुन्या 'करंज'चे कप्तान, ॲडमिरल शेखावत, प्रमुख पाहुणे होते. मी काकांना फोन केला. ते टीव्हीसमोरच होते. मी म्हटलं, "काका, नवी 'खांदेरी'सुद्धा आली आहे. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या किल्ल्याचं नाव." ते म्हणाले, "नाव चांगलंच हाय. पण आत बॅटरी कसली घातलीया, ते बघितलंस काय?" मी बघून सांगितलं. इंजिनं आणि यंत्रं बदलली, तरी बॅटरी त्याच जातीची, शिसं आणि आम्लाची. काका खूश झाले. म्हणाले, "मग माणूस लागणारच."

दोन वर्षांनी काका गेले. मला उशिरा कळलं, अंत्ययात्रेला पोचता आलं नाही. नंतर भेटायला गेले तेव्हा काकूंनी निळ्या पुठ्ठ्याची एक वही माझ्या हातात दिली. लॅबमधलीच, जुनी. निवृत्तीच्या दिवशी कुणी मागितली नाही म्हणून ते घरी घेऊन आले होते. मी ती आज इथे आणली आहे. मागच्या टेबलावर ठेवते, जेवणानंतर जरूर चाळा. आपल्या बारावीच्या वर्षाची पानं तिच्यात आहेत. सगळीकडे 'ठीक' आहे. फक्त एका दिवशी शेऱ्याच्या रकान्यात दुसरं काहीतरी लिहिलं आहे. 'दोन कमी. सापडले.'

एवढंच. त्यांनी आपली तक्रार केली नाही. वरिष्ठांना कळवलं नाही. नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'ठीक' लिहिलं.

माझी एक विनंती आहे. पुतळा नको, पुरस्कार नको. आपल्या तालुक्यात घरटी नाही, तरी गल्लीटी एक निवृत्त फौजी सापडेल. १९७१ ला जे विशीत होते ते आता पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहेत. या सुट्टीत कुणाच्या तरी घरी जाऊन बसा. किती मारले, किती बुडवले, हे विचारू नका. रोज काय करायचात, काय खायचात, झोपायचात कुठं, ते विचारा. आणि घरातल्या बाईला वेगळं विचारा, कारण तिला अजून कुणी विचारलेलं नसतं.

आणि ते जे दोघं टेबलाखाली लपले होते, ते आज या सभागृहात आहेत. मघाशी चहाच्या वेळी मी त्यांना हे पान दाखवलं. संध्याकाळी ते काकूंना भेटायला जाणार आहेत. मीही त्यांच्याबरोबर जाते आहे. आणखी कुणाला यायचं असेल तर सहा वाजता फाटकापाशी या. निघताना मोजून घेऊ.